‘आय-सेव्हन’ साडेएकवीस हजारांत मिळतोय, घेऊ का?

प्रश्न : ताई, मी वाईला राहते. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता वय ६७. सासूबाईंकडून आणि आसपासच्या गावांतल्या बायकांकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या पाच दोनशेपानी वह्या माझ्याकडे आहेत. त्या नीट टंकून ठेवायच्या, एवढंच काम आता उरलंय. २०१२ साली मुलाने घेऊन दिलेला कॉम्प्युटर गेल्या पावसाळ्यात बंद पडला. त्यात जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या दीडशेएक ओव्या अडकल्यात. मुलगा मेलबर्नला असतो. रविवारी नातीशी फोनवर व्हिडिओ लावून बोलते, पण तिचा चेहरा जरा मोठा दिसावा असं वाटतं. पेन्शनचं बँकेचं कामही घरूनच करते. एका दुकानात सांगितलं, ‘‘आय-सेव्हन, सोळा जीबी रॅम, ५१२ एसएसडी, मॉनिटरसकट साडेएकवीस हजार.’’ दुसऱ्याने ऑल-इन-वन दाखवला, ५८ हजारांचा. भाचा म्हणतो, ‘‘मावशी, लॅपटॉपच घे, डेस्कटॉप आता कोण घेतं?’’ माझी तयारी ४५ हजारांची आहे. मला यातलं काही कळत नाही. फसू नये, एवढंच.
— एक निवृत्त शिक्षिका, वाई

उत्तर : बाई (शाळेतल्या सवयीने बाईच म्हणते), तुम्ही वह्या किती आणि पानं किती ते लिहिलंत, हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत ‘चांगला कॉम्प्युटर सुचवा’ एवढंच असतं, आणि त्याला उत्तर देता येत नाही. पाच वह्या म्हणजे हजार पानं. रोज दोन पानं धरली तरी पाचशे दिवस. म्हणजे जवळजवळ दीड वर्ष तुम्ही रोज तास-दीड तास एकाच जागी बसून वहीकडे बघणार, पडद्याकडे बघणार आणि बोटं चालवणार. तेव्हा तुमचे पैसे आधी डोळ्यांसमोरच्या आणि बोटांखालच्या वस्तूंवर लागले पाहिजेत. आतली चिप त्यानंतर.

भाच्याला सांगा, डेस्कटॉपच योग्य आहे. लॅपटॉपचा पडदा कीबोर्डला चिकटलेला असतो, त्यामुळे मान खाली जाते. दीड वर्ष मान खाली घालून वही आणि पडदा आलटून-पालटून बघायचं हे ६७व्या वर्षी मी कुणाला सुचवणार नाही. डेस्कटॉपचा पडदा डोळ्यांच्या उंचीला आणता येतो, शेजारी वही तिरकी टेकवायला जागा राहते.

आता त्या आय-सेव्हनकडे, म्हणजे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरकडे (कॉम्प्युटरच्या मुख्य चिपकडे) येते, कारण तुमच्या पत्रातली खरी धोक्याची जागा तीच आहे.

मी १९९९पासून नाशिकमध्ये कॉम्प्युटर जोडते आणि दुरुस्त करते. दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे नवाकोरा खोका घेऊन आले. पुढे काच, आत रंगीत दिव्यांचे पंखे, किंमत तुमच्यासारखीच. तक्रार अशी की ‘आय-सेव्हन असूनही अडकतो’. मी उघडून पाहिलं. आत आय-सेव्हन होता, पण २०११ सालचा, २६०० क्रमांकाचा. कुठल्या तरी कार्यालयातून भंगारात निघालेल्या मशिनमधली चिप काढून ती अनोळखी कंपनीच्या नव्या मदरबोर्डवर (सगळे भाग जिच्यावर बसतात त्या पाटीवर) बसवलेली. दुकानदाराने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. आय-सेव्हन म्हणाला, आय-सेव्हनच दिला. कुठल्या सालचा, हे काकांनी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही एकाच वर्षाच्या मालातली लहान-मधली-मोठी अशी नावं आहेत. वर्षं बदलली की ती तुलना संपते. २०२२ सालचा आय-थ्री १२१०० हा त्या २०११च्या आय-सेव्हनपेक्षा कितीतरी पुढे आहे. आणि काकांनी मोजलेले पैसे परत मिळाले नाहीत, हेही सांगते.

ओळखायची खूण सोपी आहे. दुकानदाराला म्हणा, प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक कागदावर लिहून द्या. त्या क्रमांकातले शेवटचे तीन आकडे बोटाने झाका. १२१०० असेल तर उरतात १२, म्हणजे बारावी पिढी. ८४०० असेल तर उरतो ८. २६०० असेल तर उरतो २, म्हणजे दुसरी पिढी, आणि तुम्ही नमस्कार करून बाहेर पडायचं. हल्ली इंटेलने नव्या मालाच्या नावातला ‘आय’ काढून टाकलाय, ‘कोअर अल्ट्रा’ वगैरे नावं दिसतील. ती नवीच आहेत, त्यांची भीती नको. चालू मशिनवर खात्री करायची तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. जी खिडकी उघडते तिच्यात परफॉर्मन्स आणि मग सीपीयू निवडा, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात पूर्ण नाव दिसतं. दुकानात उभं राहून हे करायला लाजू नका. आपण साडी घेतानाही पदर उलगडून बघतोच.

पिढीचा मुद्दा नुसता वेगाचा नाही. विंडोज १०ला नेहमीचे सुरक्षेचे अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवलं. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलची साधारण आठवी किंवा पुढची पिढी लागते आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. दुसऱ्या पिढीच्या मशिनवर दुकानदार ती तपासणी चुकवून विंडोज ११ टाकून देतात. दिसायला सगळं ठीक दिसतं, पण अशा मशिनला पुढे सुरक्षेचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. तुमच्या पेन्शनचं बँक खातं त्याच मशिनवर उघडणार आहे. म्हणून या एका गोष्टीवर मी हट्टाने बोलते.

ऑल-इन-वन दिसतो छान, एकच वायर, टेबलावर पसारा नाही. पण सगळं पडद्याच्या पाठीत कोंबलेलं असतं. पडदा गेला की कॉम्प्युटरही दुरुस्तीला जातो, आणि तालुक्याच्या गावी तो उघडणारा माणूस पटकन सापडत नाही. ५८ हजार तर तुमच्या हिशेबातही बसत नाहीत. सोडून द्या.

मग घ्यायचं काय? मी आयुष्यभर सुटे भाग आणून जोडलेली मशिनं विकली, तरी तुम्हाला नावाजलेल्या कंपनीची तयार पेटी घ्या असं सांगते. जोडलेल्या मशिनमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, कंपनी वेगळी. रॅमसाठी (चालू काम तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या पट्टीसाठी) एकीकडे जायचं, मदरबोर्डसाठी दुसरीकडे. जोडणारा माणूस भरवशाचा आणि हाकेच्या अंतरावर असेल तर ते चालतं, पण तुमच्या पत्रात तसा माणूस दिसला नाही. तयार पेटीला बहुधा एकच वॉरंटी असते, आणि ‘ऑन-साइट’ लिहिलेली असेल तर माणूस घरी येतो. वाईला येतो का, हे मात्र दुकानात नको, कंपनीच्या ग्राहक सेवेला पिनकोड सांगून विचारा. दुसरं म्हणजे विंडोज. सुटं घ्यायला गेलं तर अधिकृत विंडोज दहा हजारांच्या आसपास जातं, म्हणून जोडणारे दुकानदार ‘फुकट टाकून देतो’ म्हणतात. ते फुकट विंडोज चोरीचं असतं आणि त्यासोबत काय काय आत येतं ते आपल्याला दिसत नाही. तयार पेटीत ते किमतीतच असतं, मात्र काही पेट्या त्याशिवायही विकतात. बिलावर ‘विंडोज ११ होम’ हे शब्द हवेत.

हिशेब उलटा करा. ४५ हजारांतून आधी बाजूच्या वस्तू वजा करा : मॉनिटर नऊ-दहा हजार, यूपीएस (वीज गेल्यावर काही मिनिटं मशिन चालू ठेवणारा बॅटरीचा डबा) तीन हजार, कॅमेरा दीड-दोन हजार. उरले साधारण तीस हजार, ते पेटीला. त्यात आय-थ्री बसतो का ते बघा. आय-फाइव्ह बसायचा नाही आणि ओव्या टंकायला, नातीशी बोलायला, बँकेला तो लागतही नाही. एसएसडी मात्र हवीच, ५१२ जीबीची. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि सुई ती जागा शोधत बसते, एसएसडीत हलणारं काहीच नसतं. ‘कॉम्प्युटर चालू होईपर्यंत चहा होतो’ हा अनुभव तिच्यामुळेच गेला. रॅम सोळा जीबी घ्या असं मी एरवी म्हटलं असतं. पण २०२५च्या अखेरीपासून रॅम फार महागली आहे, कारण ती बनवणाऱ्या कंपन्या आपला माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळवताहेत. तुम्हाला आठ जीबीवर भागेल. फक्त अट घाला, आठची एकच पट्टी हवी आणि शेजारची खाच रिकामी हवी. भाव उतरले की दुसरी पट्टी दहा मिनिटांत बसते.

मॉनिटर २४ इंची, आयपीएस पॅनेलचा (बाजूने बघितलं तरी चित्र फिकं न पडणाऱ्या पडद्याचा), १९२० गुणिले १०८० पिक्सेलचा. पायाची उंची कमी-जास्त होत नसेल तर खाली जाडजूड शब्दकोश ठेवा. वाईच्या शिक्षिकेच्या घरी तो असणारच. मग सेटिंगमध्ये डिस्प्ले, त्यात स्केल, ते १२५ टक्के करा. अक्षरं मोठी होतात. ऱ्हस्व वेलांटी की दीर्घ, अनुस्वार आहे की पडद्यावरचा ठिपका, हे डोळे न ताणता दिसलं पाहिजे. तुमच्या कामात तो ठिपकाच महत्त्वाचा आहे. दुकानात मॉनिटर बघताना सिनेमाची चित्रफीत बघू नका, मराठी मजकुराचं एक पान उघडायला लावा.

तीन गोष्टी डेस्कटॉप घेताना हमखास राहून जातात, कारण फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये त्या असतातच. डेस्कटॉपला कॅमेरा नसतो. बहुतेक वेळा ऐकू येण्याजोगे स्पीकरही नसतात (काही मॉनिटरमध्ये असतात, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा). आणि वाय-फाय असेलच असं नाही. तयार पेट्यांत बहुधा असतं, तरी विचारा. नसेल तर पाच-सातशे रुपयांचा यूएसबी डोंगल लागतो. या चौकशा झाल्या नाहीत तर पहिल्या रविवारी नात समोर नसेल आणि तुम्हाला वाटेल मशिनच बिघडलेलं आलं.

आता टंकनाबद्दल थोडं जास्त सांगते. तुमच्या जुन्या ओव्या ज्या फाँटमध्ये आहेत तो फाँट नसेल तर त्या फाइलमध्ये नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. आता टंकाल ते युनिकोडमध्येच टंका. मग ते कुठल्याही मशिनवर, फोनवर, मेलबर्नलाही मराठीच दिसेल, आणि ‘पंढरी’ किंवा ‘माहेर’ शब्द शोधायला सांगितलं की हजार पानांतून त्या त्या ओव्या समोर येतील. विंडोजमध्ये मराठीचे दोन कीबोर्ड आधीपासूनच असतात, वेगळे पैसे द्यायचे नाहीत. एक फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावर चालणारा. दुसरा इनस्क्रिप्ट. तुम्ही इनस्क्रिप्ट शिका. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, अशी त्याची मांडणी आहे. बाराखडी शिकवलेल्या माणसाला ती लवकर समजते. ‘ओवी’ हा शब्द ओ, व आणि दीर्घ वेलांटी अशा तीनच अक्षरकळांत होतो. पहिले पंधरा दिवस बोटं अडखळतील. कीबोर्डवर चिकटवायचे मराठी अक्षरांचे स्टिकर मिळतात, ते लावा. मराठी-इंग्रजी बदलायला विंडोजची कळ धरून स्पेस दाबायचा. लिहायला लिब्रे ऑफिस पुरेसं आहे, ते मोफत आहे आणि चोरीचं नाही. आणि माझं ऐकाल तर प्रत्येक ओवीखाली सांगणारीचं गाव लिहीत जा. वहीत ते समासात असेल, टंकताना समास सुटतो.

टंकायला बसण्याआधी पाचही वह्यांच्या पानांचे फोनवर फोटो काढून ठेवा. पावसाळी हवेत जुना कागद वाट बघत नाही.

जुना खोका भंगारवाल्याला देऊ नका, दुरुस्त करण्याच्या फंदातही पडू नका. दुकानदाराकडून त्यातली हार्ड डिस्क तुमच्यासमोर काढून घ्या आणि वेगळ्या अडॅप्टरवर चालणाऱ्या यूएसबी डबीत बसवून घ्या, म्हणजे ती नव्या मशिनला जोडता येईल. खोका बंद पडला म्हणजे डिस्क गेली असं नसतं. बऱ्याचदा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारी डबी) किंवा मदरबोर्ड गेलेला असतो आणि डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं मिळतं. मिळालेल्या ओव्या युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला, तिथे चुका होतात.

यूपीएसचं सांगताना मला २००५ सालचं आठवतं. एका होमिओपॅथी डॉक्टरांना मी मशिन जोडून दिलं. पैसे वाचावेत म्हणून कॅबिनेटसोबत आलेला स्वस्तातला एसएमपीएसच ठेवला, त्यावर ४५० वॉट असा कागद चिकटवलेला होता. यूपीएस ‘नंतर घेऊ’ म्हणून राहिला. जूनच्या पहिल्या वादळात वीज गेली, आली, परत गेली आणि एसएमपीएसने जाताना हार्ड डिस्कही नेली. सहा वर्षांच्या रुग्णांच्या नोंदी होत्या. माझ्या दुकानातल्या बाकावर बसलेल्या त्या डॉक्टरांचा चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हापासून यूपीएसशिवाय मशिन दुकानाबाहेर जाऊ दिलं नाही. ६०० व्हीएचा पुरतो, दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात फाइल जतन करून मशिन बंद करायचं. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. त्यावर पेटी आणि मॉनिटर एवढंच लावा, लेझर प्रिंटर कधीही नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर मागे ‘यूपीएस मोड’चं बटण आहे का बघा, तरीही छोटा यूपीएस घ्याच. वायरमनला बोलावून त्या प्लगचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. आणि दर रविवारी, नातीशी बोलणं झालं की, ओव्यांची फाइल पेनड्राइव्हवर उतरवा आणि मुलालाही ईमेलने पाठवा. एक प्रत वाईत, एक मेलबर्नला.

बिल पक्कं घ्या, १८ टक्के जीएसटी लावलेलं, पेटीचा आणि मॉनिटरचा सिरियल नंबर लिहिलेलं. ‘बिलाशिवाय दोन हजार कमी करतो’ म्हणाला तर वॉरंटीही तेवढीच कमी होते. काही बिनसलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पहिली शंभर पानं झाली की मला दोन ओव्या लिहून पाठवा. मी वाट बघते.

प्रश्न : चिपळूणला माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. कंपनीतून निघालेला जुना डेस्कटॉप १४ हजारांत मिळतोय, आय-फाइव्ह ८५००, आठ जीबी, २५६ एसएसडी. नवीन परवडत नाही. घ्यावा का?
— एक दुकानदार, चिपळूण

उत्तर : शेवटचे तीन आकडे झाका, उरतो आठ. म्हणजे विंडोज ११ला चालणारा. कंपन्यांनी काही वर्षं वापरून बदललेली ही मशिनं मजबूत बांधणीची असतात, आणि दुकानाच्या कामाला मी स्वतः त्यांचीच शिफारस करते. निदान सहा महिन्यांची वॉरंटी लेखी घ्या. मशिन बंद करून, प्लग काढून, परत लावून बघा. घड्याळातली तारीख मागे गेली तर आतला बटण-सेल संपलाय, तो स्वस्तात बदलून मिळतो. एसएसडी बदलून नवी टाकून देतो म्हणाला तर थोडे पैसे जास्त द्या. चिपळूणच्या दमट हवेत मशिन दिवसेंदिवस बंद ठेवू नका, पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशीही तासभर चालू करा, आतल्या उबेने ओल धरत नाही. आणि खोका टेबलाखाली जमिनीवर नको. २०२१च्या जुलैतला पूर तुम्ही पाहिलाय. भिंतीला उंचावर लोखंडी मांडणी ठोकून घ्या आणि वायरी एका हिसक्यात सुटतील अशा ठेवा.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, पायथॉन शिकतेय. दुकानदार म्हणतो ग्राफिक्स कार्डाशिवाय कोडिंगचं मशिन होत नाही, १२ हजार वेगळे पडतील. खरं का?
— एक पालक, बीड

उत्तर : नाही. पायथॉन शिकायला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, तुमच्या मुलीला पुढची बरीच वर्षं त्याशिवाय अडणार नाही. कोटेशन पुन्हा एकदा नीट वाचा. प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी एफ हे अक्षर आहे का? १२४००एफ, असं? इंटेलच्या एफवाल्या चिपमध्ये चित्र दाखवायची सोयच नसते, त्यामुळे वेगळं कार्ड घेतल्याशिवाय पडदा काळाच राहतो. एफ नसलेली तीच चिप थोडी महाग मिळते. दुकानदाराला म्हणा एफ खोडा, कार्ड खोडा, आणि वाचलेल्या पैशांतून मुलीला बसायला चांगली खुर्ची आणा.